तू मला मैदानातून ओढून नेलंस

माय, परवा मला पोलीस ठाण्यात बोलावलंय. घाबरू नको, माझ्यावर काही नाही. पण सकाळपासून हाताला काम सुचत नाही. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझी आठवण आली नाही असा महिना गेला नसेल, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय चालणारच नाही असं पहिल्यांदाच वाटतंय, कारण या गोष्टीची सुरुवात फक्त तुला ठाऊक होती.

मी आठवीत होते. तू आमच्याच शाळेत खिचडी शिजवायचीस. दुपारची भांडी घासून झाली की मागच्या दारानं घरी जायचीस, मैदानाकडं कधी यायची नाहीस. त्या दिवशी आलीस. मी चढाईला गेलेय, दोघींना शिवून रेषेकडं पळतेय, सगळ्या ओरडतायत आणि तू सरळ पांढरी रेघ ओलांडून आत येतेस. हाताची हळद धुतलेली नाही. माझं मनगट धरतेस आणि म्हणतेस, "घरी चल." खेळाचे सर तेव्हा तरुण होते. हसत पुढं आले. "मावशी, असं काय करता? पोरगी राज्याला खेळंल." तू त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "माझी पोरगी न्हाय खेळणार," एवढंच बोललीस. मी सगळ्या वाटेनं रडले. पोरींसमोर तू माझी लाज काढलीस, असं वाटलं. महिनाभर मी तुझ्याशी बोलले नाही. ताट पुढं ठेवलंस तरी मान वर करायची नाही. दिवाळीआधी तू धाराशिवला जाऊन पळायचे बूट आणलेस, एक नंबर मोठे. ढोकीच्या रस्त्याला मी पळायची आणि तू कडंला उसाच्या सावलीत उभी राहायचीस, मी परत येईपर्यंत. कबड्डी का नाही, पळणं का चालतं, हे तू सांगितलं नाहीस.

सांगितलंस ते फार उशिरा. मी खेळाची शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होते, सुट्टीला आले होते. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी सहज म्हणाले, आपले सर आता जिल्ह्याला गेले, त्यांचं कबड्डीचं मोठं मंडळ झालंय, त्यांच्या पोरी राज्याला खेळतात. तुझा हात थांबला.

"तुला का काढलं, इचारलं न्हाईस कधी."

"विचारून काय उपयोग होता?"

"सामानाची खोली होती ना, चटया ठेवायची. तिथनं तुझ्या संगतीची एक पोर बाहेर आली. भिंतीला धरून उभी राहिली. म्या जवळ घेतलं तर थरथर कापत होती. लई येळानं बोलली."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मग तू हेडमास्तरांना सांगितलंस?"

"खिचडीवाल्या बाईचं कोण ऐकतंय? वरनं कामावरनं काढलं असतं. तुला तिथनं काढलं. माझ्या हातात तेवढंच होतं."

"आणि ती?"

तू भाकरी उलटलीस. "ती माझी न्हवती," म्हणालीस, आणि पदरानं तोंड पुसलंस. धूर होता, त्यामुळं तू रडलीस की नाही ते मला कळलं नाही. मी तुला बोलले. फार बोलले. त्या पोरीनं पुढच्या वर्षी शाळा सोडली होती, तेही ऐकवलं. तू पुढची भाकरी थापायला घेतलीस.

आता इकडचं सांगते. मी जिल्ह्याच्याच गावी शिकवते. सरांच्या मंडळावर त्यांची जुनी विद्यार्थिनी म्हणून मला घेतलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. वाटलं, माणूस म्हातारा झाला, दिवस बदलले, आणि एवढ्या पोरींची आयुष्यं या मैदानावर उभी राहतायत. त्या पोरींना नोकऱ्या लागल्या, हे खरंच आहे. चौकात सरांच्या सत्काराचे फलक लागतात, हेही खरंच. मग मागल्या पावसाळ्यात एका मुलीच्या आईनं मंडळाला अर्ज दिला. मुलगी माझ्याच शाळेतली, नववीतली. अर्ज एका पानाचा, वहीचा कागद फाडून लिहिलेला. सर एकटीला खोलीत बोलावतात, दुखापत बघतो म्हणतात, आणि कुणाला सांगितलंस तर संघातून काढीन म्हणतात.

बैठक बसली. अध्यक्षांनी अर्ज वाचला, घडी केली आणि पाण्याच्या तांब्याखाली ठेवला. "मॅडम, तुम्हीच त्या बाईला समजावून सांगा," मला म्हणाले. "तुम्ही बाई माणूस, तुमचं ऐकतील. पोरीच्या लग्नाचा तरी इचार करा म्हणावं. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा हाय. सरांना दोन महिने विश्रांती देऊ, आपसात मिटून जाईल."

"आणि दोन महिन्यांनी?" मी विचारलं.

"दोन महिन्यांनी सर येतील की. त्यांच्याबिगर मंडळ हाय काय?"

राज्याच्या अंतिम सामन्याला पंचगिरी केलीय मी, पण त्या पाच माणसांसमोर बोलणं जड गेलं, माय. तरी बोलले. म्हणाले, खरं काय, खोटं काय, ते ठरवायला आपण कुणी न्यायाधीश नाही. सर निर्दोष असतील तर तपासात कळेल, मलाही बरं वाटेल. पण तपास होईपर्यंत मैदानाची आणि त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं राहणार नाही, आणि लहान मुलीची गोष्ट आहे, कायद्यानं ती पोलिसांना कळवावीच लागते. तुम्ही नाही कळवली तर मी कळवते. मी अर्ज तांब्याखालून काढला. त्यावर पाण्याचं गोल उमटलं होतं. मुलीच्या आईला घेऊन मी रिक्षानं ठाण्यात गेले.

गुन्हा नोंदला. सरांना पदावरून दूर केलंय. ते जामिनावर आहेत, अशक्त झालेत म्हणतात. संघ राज्य स्पर्धेला गेला नाही. दोन पालक शाळेत येऊन माझ्यावर ओरडून गेले, "आमच्या पोरींचं वर्ष गेलं, ते कोण भरून देणार?" खरंच गेलंय त्यांचं वर्ष. पण आणखी दोघी मोठ्या बायका, आता पोराबाळांच्या, जबाब द्यायला पुढं आल्या. त्यात आपल्या गावची कुणी नाही. त्या चटयांच्या खोलीतून बाहेर आलेल्या पोरीची मी वाट बघत होते.

लोक मला धीट म्हणतात. शाळेत बाकीच्या शिक्षिका टाळ्या वाजवतात. आणि परवा मला ठाण्यात विचारणार आहेत की मुलीनं हे तुम्हाला आधी सांगितलं होतं का, कारण तिनं तसं जबाबात म्हटलंय.

सांगितलं होतं, माय. अर्जाच्या आधी. मधल्या सुट्टीत, जाळ्या आवरताना, माझ्याकडं न बघता. मी तिला म्हणाले, बघते हं, काळजी करू नको. तुझी नात तेरा वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. ती त्याच मैदानावर खेळायची. त्याच संध्याकाळी मी तिला शिकवणीचं कारण सांगून सरावातून काढली. बाकी काहीच केलं नाही. कुणाला बोलले नाही. त्या मुलीच्या आईलाही नाही.

तू असतीस तरी हे पत्र मी तुला पाठवलं नसतं. तुला वाचता यायचं नाही, तू कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकू जावं एवढा धीर माझ्यात नाही. परवा ठाण्यात मात्र सांगावं लागेल. तिथल्या पोलीस बाई विचारतील, किती दिवस गप्प होता? मी सकाळपासून कॅलेंडरवर बोट ठेवून मोजतेय, कमी येतायत का बघतेय. अकराच येतात. त्यातले नऊ दिवस ती मुलगी सरावाला गेली होती.