बघून कळव

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र आणलंस आणि जपून कपाटात ठेवलंस, हे वाचून हसू आलं. अगं, ते कानात घालायचं असतं. फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी तब्येत विचारायची आणि तू जेवल्याचं सांगायचं. त्यापेक्षा कागद बरा, हे तुझं म्हणणं मला पटलं आहे.

आता कामाचं. आमच्या कलादालनात वर्षअखेरीस नव्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन आहे. रंग आणि कॅनव्हास वर्ज्य. भलत्यासलत्या वस्तूंतून काहीतरी घडवणारी, अजून कोणाला फारशी माहीत नसलेली माणसं हुडकायची. हुडकायचं काम माझं, निवड आमच्या मोठ्या बाईंची. यादी हाती आली तर तीन नावं तुझ्या गावातली! भिंतीवर कोळशाने जहाज काढलं म्हणून तू मला जिथे अख्खी भिंत घासायला लावलीस, त्याच गावात तीन कलावंत निपजले. म्हणजे भिंती घासूनही काही उपयोग झाला नाही.

एप्रिलमध्ये मी स्वतः येतोय, चार दिवस. तीन वर्षं नुसत्या वायद्यावर काढली हे मला ठाऊक आहे, पण या वेळी कामच तिकडे आहे, त्यामुळे चुकणार नाही. त्याआधी तू पहिल्या दोघांकडे जरा डोकावून येशील का? बघून कळव, बस. छान, सुंदर असलं काही लिहू नकोस. हॉस्पिटलच्या कपडेखात्यात चादर हातात घेऊन डाग कुठे, विरलंय कुठे ते लिहायचीस, तसं लिही. पत्ते मागच्या बाजूला आहेत.

गुडघे जप. राग असला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
लंबू

१५ मार्च

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

भिंत मी पुसायला लावली नसती तर घरमालकाने आपल्या दोघांना पुसून टाकलं असतं. असो.

तुझा पहिला कलावंत न्हावी आहे. चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्याचं दुकान. गिऱ्हाइकं गेली की साबणाच्या वड्या कोरून त्यांचे चेहरे करतो. हुबेहूब. भिंतीला एक बेसिन आहे, त्याच्या कडेने हे सगळे ओळीने ठेवलेले. आत शिरल्याबरोबर त्याने मला हात धुवायला सांगितले. दुसरा साबण नाही. म्हणजे कोणाच्या तरी तोंडाने हात धुवायचे! मी जाड नाकाची एक बाई उचलली आणि धुतले. खाली ठेवताना बघते तर नाक थोडं कमी झालेलं. मी तिची माफी मागितली, तर तो म्हणाला की सगळेच मागतात.

ओळीच्या टोकाला झिजलेले आहेत. काहींचे नुसते डोळ्यांचे खळगे राहिलेत, काहींची अंगठ्याएवढी चकती. कोण कोणाचं ते त्याला सगळं पाठ. संपल्यावर काय करतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला की माणूस परत केस कापायला आला तर नवा करतो. नाही आला तर नाही करत. घरी येईपर्यंत माझ्या हातांना वास येत होता आणि मला ते परत धुवावेसे वाटले नाहीत.

दुसरा नळदुरुस्तीवाला. त्याच्या घराच्या तळघरात जाडबारीक पाइपांचं रान आहे. तो एकेका पाइपात पाणी सोडतो आणि म्हणे त्याचं गाणं होतं. मी बहिरी, मला काय कपाळ ऐकू येणार! तसं सांगितल्यावर तो जराही हिरमुसला नाही. त्याने माझा तळवा मधल्या जाड पाइपावर ठेवला, दुसरा एका बारक्यावर, आणि पाणी सोडलं. जाड्याने हळूहळू सुरुवात केली, बारक्याची बारीक थरथर मनगटावर आली, मग दोन्ही कोपरापाशी भेटली. कानाला वर्षानुवर्षं जे कळलं नव्हतं ते कोपराला कळलं. मी परत लावायला सांगितलं. तीनदा. त्याची बायको चहा घेऊन येऊन उभी राहिली तरी मी हात काढला नाही. लाज वाटली, पण नाही काढला.

तुझ्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवलं आहे. गादी नवीन घेतली, जुनीवरून तुझे पाय बाहेर यायचे. कुठल्या तारखेला येतोस ते लिही, म्हणजे दूध वाढवून सांगते.

बाकी क्षेम. माया आहेच, ती वाटेत खर्चू नकोस.
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तर कमाल केलीस! तुझं पत्र मी मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. जाड नाकापाशी त्या हसल्या, पाइपांपाशी मला थांबवलं. मग पत्र हातातून काढून घेऊन स्वतः वाचलं आणि दोन्ही नावांवर सही करून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या की आपण तिथे जाऊनही आपल्याला एवढं दिसलं नसतं, आता माणूस पाठवायचं कारणच काय. सामान न्यायला थेट गाडी येईल.

माझी केवढी तरी धावपळ तू वाचवलीस. आता फक्त तिसरी उरली. एका मोठ्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं सांभाळते, पत्ता मागे आहे. तिच्याकडेही तूच जाऊन आलीस तर माझी ही खेपच वाचेल. त्या दिवसांत मला अगदी दुसऱ्या टोकाला जाता येईल, तिकडे एकजण माशांच्या खवल्यांचे दिवे करतो म्हणे. आणि तुलाही माझी उस्तवार नको. येतो म्हटलं की तू आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतेस.

कार्यालयात सगळे तुला ताईच म्हणायला लागलेत. माझ्यापेक्षा तुझा भाव जास्त आहे.

लोभ आहे तेवढा पुरे म्हणणार नाही, थोडा वाढवच.
तुझा,
लंबू

२ एप्रिल

चि. लंबूस,
आशीर्वाद.

तुझ्या तिसरीकडे जाऊन आले. यंत्राच्या जाळीत कपड्यांचा केर अडकतो, त्याचं तिने काहीतरी केलं आहे. करडं आहे. मोठं आहे. मला त्यातलं काही कळलं नाही.

सगळंच लिहून सांगता येत नाही. ज्याचं काम त्यानेच येऊन बघावं. गादीला दोनदा ऊन दाखवलं आहे.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नाही कळलं तर नाही कळलं असं सरळ लिहिलंस, हे बरं केलंस. इथे न कळलेल्या गोष्टीवर चार पानं लिहिणारे खंडीभर आहेत. बाईंनी तुझ्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, ताईंना दिसलं नाही म्हणजे तिथे काही नसणार. तिचं नाव यादीतून काढलं. तिला नकाराचं पत्र महिनाअखेर जाईल.

त्यामुळे माझं येणं या खेपेला राहिलं. रागावू नकोस. पुढच्या वर्षी कामबिम काही न ठेवता येईन. परवा खोलीत खिळा ठोकत होतो तर घरमालक वर आला आणि किती दिवस राहणार म्हणून विचारू लागला. मला इथे येऊन सहा वर्षं झाली. मी खिळा काढून घेतला. का काढला कोण जाणे. तुला लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

तू मात्र खुशाल अस, आणि या उडाणटप्पूवर माया असू दे.
तुझा,
लंबू

१७ एप्रिल

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

ते नकाराचं पत्र थांबव. खाली आडवी रेघ मारली आहे, तिथपर्यंतचं तुमच्या बाईंना वाचून दाखव. पुढचं एकटा वाच.

ती इमारत नऊ मजली आहे. सगळ्या बिऱ्हाडांची धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रं तळघरात. ही बाई तिथे नोकरीला. वाळवण्याच्या यंत्राच्या जाळीवर कपड्यांचा मऊ थर बसतो, तो ती रोज सोलून काढते. आठवडाभराचा साठला की पाण्यात भिजवते, फळीवर थापते, दाबते, सुकवते. बोटभर जाडीची पट्टी होते. अशा पट्ट्या एकीला एक जोडत गेली आहे, आणि आता त्याचं खोलीभर अंथरूण झालं आहे.

लांबून करडं दिसतं. गुडघे टेकून बघितलं की करडं कुठेच नाही. शाळा सुरू झाल्याच्या आठवड्यात निळं. एकदा कोणीतरी लाल टॉवेल आणले, तो लाल पुढे आठवडेच्या आठवडे फिका होत जातो. मधे पिवळसर पट्ट्या आहेत, त्या चौथ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाच्या. ते बिऱ्हाड हललं आणि पिवळं तिथेच तुटतं. एका पट्टीत मांजराचे केस आहेत, आणि त्या इमारतीत मांजर पाळायची परवानगी नाही. तिला माहीत आहे मांजर कोणाचं, पण ती सांगत नाही. लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं तिने एकत्र दाबून बसवली आहेत. चपला काढून त्यावर आडवं व्हायचं असतं. मी झाले. भिंतीपलीकडे यंत्रं चालू होती, त्यांची ऊब पाठीला येत होती. मला उठायला सांगावं लागलं.

____________

आता तुझ्यासाठी.

निघताना तिने मला माझ्या घरच्या यंत्राची जाळी आणून द्यायला सांगितली. बघायला आलेल्या प्रत्येकाला सांगते म्हणे. मी महिनाभर ती साफ केली नव्हती, म्हणून वाटलं बरंच निघेल. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले तर सगळं मिळून माझ्या मुठीत मावलं. ती हसली नाही. भिजवलं, थापलं, आणि सगळ्यांच्या पट्ट्यांशेजारी लावलं. करंगळीएवढी रेघ झाली. माझ्या तपकिरी गाऊनची. बाकी कोणाचं त्यात काही नाही. तिथे उभी राहून मनात आलं, लंबूचे चार दिवसांचे कपडे पडले असते तर जरा रुंद झाली असती.

घरी येऊन मी तुला ते दोन ओळींचं पत्र लिहिलं. मला कळलं नव्हतं असं नाही. तुझ्या मागच्या पत्रावरून एवढंच कळलं होतं की मी जितकं नीट लिहीन, तितकं तुझं येणं लांबणार. न्हाव्याचं आणि पाइपांचं नीट लिहिलं, तुझ्या येण्याची दोन कारणं गेली. म्हणून या वेळी वाईट लिहिलं. वाटलं, लंबूला उलगडणार नाही, चडफडत का होईना येईल. तिचं नावच काढून टाकाल असं डोक्यातही आलं नाही. तुला इथे आणायला मी तिच्या अन्नात माती कालवली. तिने मला काल रस्त्यात ओळखून हात केला, तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

हे पत्र वाचून बाई तिला घेतील, मला खात्री आहे. आणि मग तुला इकडे यायचं कामाचं एकही कारण उरणार नाही, तेही मला कळतं. तुझे तिन्ही कलावंत मी बघितले आणि नीट लिहिले. गाडी येईल, सामान भरून जाईल. खिळ्याचं वाचलं. मी सहा वर्षं समजत होते की तू तिकडे मजेत आहेस आणि मला विसरला आहेस. त्यातलं निम्मं तरी खोटं निघालं. मला इथे एकटं वाटतं रे. हे फोनवर सांगता येत नाही, कारण तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू येणार नाही.

काम नाही, कारण नाही, बघण्यासारखं काही नाही. तरी ये.

लोभ किती आहे ते वर लिहिलंच आहे.
तुझी,
ताई