हजर लिहिलेली माणसं

७ एप्रिल
पोचले एकदाची हा-सेलोमो गावाला. सहा तास घोड्यावर बसून कंबर बोलायला लागली, पण मन मजेत आहे. शिक्षिकेचं प्रशिक्षण घेऊन तीन वर्षं घरी बसल्यावर मिळालेलं हे पहिलं सरकारी काम. पाठीवर ‘जनगणना’ लिहिलेलं पिवळं जाकीट, हातात टॅब. एकेचाळीस घरं, दहा दिवस. मुखियानं ज्वारीची बिअर पाठवली. माझी सोय मात्सेको आजींकडे आहे. घरात त्या आणि त्यांची सहा वर्षांची नात पोंत्शो, एवढीच माणसं. रात्री पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि मोरोहोची पालेभाजी. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा आजी म्हणाल्या, सरकारची पोरगी खाणकामगारासारखी जेवते.

८ एप्रिल
अकरा घरं झाली. वयं लिहिताना हात आपोआप चालतो: एकाहत्तर, अडुसष्ट, आणि मग एकदम नऊ, सहा, चार. मधलं कुणी नाहीच. अख्ख्या गावात तिशीतला एकच पुरुष भेटला, तोही एका पायाचा. काही सरहद्दीपलीकडच्या खाणीत, काही पोरी शहरात कपड्यांच्या कारखान्यात, आणि बाकीचे गोठ्यामागच्या उतारावर, दगडांखाली. यात मला नवं काही नाही, आमच्याकडेही हेच आहे. वैताग आहे तो टॅबचा. मुलाच्या आईबापाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म बंदच होत नाही. ‘मयत’ लिहिलं तर दाखल्याचा नंबर मागतो. इथे दाखला कुणाकडे आहे?

९ एप्रिल
आज आजींशीच वाजलं. गणनेच्या रात्री या घरात कोण कोण होतं, एवढंच विचारलं मी. म्हणाल्या, “मी, पोंत्शो आणि मोलिएही.” मोलिएही त्यांची मुलगी. चार हिवाळ्यांपूर्वी गेली, हे शेजारणीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी चाचरत तसं म्हणाले, तर आजी भडकल्या. “माझ्या घरात कोण आहे ते तू विचारलंस, मी सांगितलं. माझं घर तुला जास्त ठाऊक असेल तर तूच लिही की.” पुढच्या सात घरांत हीच गत. कुणाचा मुलगा आत्ताच गुरांमागे गेलाय, कुणाची सून पाण्याला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कुणी आलं नाही.

१० एप्रिल
फोन लागतो फक्त खिंडीवर. तासभर चढून गेले आणि शिव्या खाल्ल्या. माझे एकोणीस फॉर्म परत आलेत. जिल्ह्याचे पर्यवेक्षक सेखोन्याना साहेब म्हणाले, “केनेउए, तुला माणसं मोजायला पाठवलंय, रडायला नाही. म्हातारी हजर म्हणते ना? मग हजर लिही आणि मोकळी हो.” मी वाद घातला. त्यांनी फोन ठेवला. तिथेच दगडावर बसून रागाच्या भरात एकोणीस माणसं हजर लिहिली. मिनिटभरात सगळे फॉर्म हिरवे झाले. लाज वाटली, पण खाली येऊन पोटभर जेवले.

११ एप्रिल
सकाळी झऱ्यावर एक बाई ब्लँकेट धूत होती. तिशीची असेल. ही कुठल्या घरातली सुटली, म्हणून मी आधीच चिडलेली. नाव विचारलं. वर न बघता म्हणाली, मोलिएही. गाव माझी चेष्टा करतंय असं वाटून तशीच घरी आले. आजींनी चौथा वाडगा मांडून ठेवला होता. म्हणाल्या, “मग? तूच तर लिहिलंस.” पोंत्शो दारात उभी राहून झऱ्याकडे टक लावून बघत होती. तिला आईचा चेहराही आठवत नसणार.

१२ एप्रिल
भरदुपारी उतारावरून बाकीचे अठरा आले. ब्लँकेट पांघरलेले, केसांत माती. म्हाताऱ्या दारात बसून रडत होत्या, हसत होत्या. ती माणसं जेवत नाहीत. वाडगे भरलेले तसेच राहतात. मोलिएही ब्लँकेटचं एकच टोक पुन्हा पुन्हा धुते. बघतात ते फक्त मुलांकडे.
खिंडीवर जाऊन माझ्या नेओला फोन केला. पाच वर्षांची आहे, दोन दिवसांच्या वाटेवर माझ्या आईपाशी असते. दात पडला म्हणाली. खूप वेळ बोलू दिलं तिला.

१३ एप्रिल
पोंत्शो नाही. आणखी तीन मुलं नाहीत. आजी म्हणाल्या, आईबरोबर वर गेली. मी गोठ्यामागे धावले. दगड जागच्या जागी. गवतसुद्धा दबलेलं नाही.
परत आले तर आजी तशाच बसलेल्या. “आई आपलं लेकरू नेणारच. मी कुठल्या तोंडानं अडवू?” मग एकदम माझं जाकीट धरलं. “खोड ते. तू लिहिलंस, तूच खोड.”
फॉर्म उघडत नाही. पाठवलेला फॉर्म उघडत नाही. दहा वेळा, वीस वेळा—

१४ एप्रिल
खिंडीवरून फोन केला. साहेब खुशीत. पाठवलेला फॉर्म उघडणं त्यांच्या हातात नाही म्हणे. मुलं हरवली तर पोलिसांत जा. पाहिलं ते सगळं सांगितलं, तर म्हणाले पाणी पी, सावलीत बस. मग शाबासकी दिली. हजर लिहायची युक्ती चालली, म्हणून जिल्ह्यात सगळ्यांना तसंच करायला सांगितलंय. अडलेले सगळे फॉर्म निघाले. तुझ्या गावचेसुद्धा, म्हणाले.
माझ्या गावचे.
नेओचा बाप, मोएकेत्सी— खाणीत दबून मेला त्याला तीन वर्षं. आई अजून जेवताना त्याचं नाव घेते. तिला विचारलं असेल तर ती काय—
फोन लागत नाही.

१५ एप्रिल
अकरा मुलं गेली. घोडा द्यायला कुणी दारच उघडत नाही. पुन्हा खिंडीवर. लागत नाही. लागत नाही.

लागला. आईचा आवाज आनंदानं भरलेला. फॉर्मवाला काल येऊन गेला, गुणाचा पोरगा, सांगितलं ते निमूट लिहिलं. मी म्हटलं दार लाव, नेओला फोन दे. आई हसली. नेओ आत्ताच निघाली, बापाचं बोट धरून, टेकडीकडे. मी म्हटलं हाक मार, आई, पळ, हाक मार तिला—

फोन तिथेच ठेवून धावली. हाका ऐकू येताहेत. नेओ. नेओ. लांब. आणखी लांब.

थांबल्या.

फोन कुणीतरी उचललाय. आई नाही. मोएकेत्सीच. म्हणतो, केनेउए, पोरगी विचारते, आई कधी—