पाटीवरचा सांड

खैरवस्ती, ता. चांदवड
१२ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. सुवर्णास,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळे ठीक. देवळाली कॅम्पात तोफ उडाली की तू अजून दचकतेस का, ते कळव.

गावात मोठं काम झालं. मोऱ्यांचं पाणी आता ओढ्यात न जाता तीन टाक्यांत जातं. पहिलीत गाळ बसतो, दुसरीत पाणी वाळू-खडीतून गळतं, तिसरीत ते इतकं नितळ होतं की तळ दिसतो. झेंडूच्या वाफ्यांसाठी तिला नळ बसवलाय. देखभाल माझ्याकडे, आणि पाटीही मीच रंगवली. 'सांडपाणी शुद्धीकरण केंद्र' लिहायला घेतलं, तर सरपंच म्हणाले, उद्घाटनाला साहेब येणार, पाटीवर पयलाच सांड बरा दिसत नाय. मग 'पाणी'पासूनच सुरुवात केली.

तुझी विद्यार्थिनी नवसाबाई सुरगाण्याहून कांदे काढायला येईलच. तिच्याकडून पाटी वाचून घेतो.

माया आहे तशी राहू दे.
तुझा झुंबरदादा


देवळाली कॅम्प
२४ फेब्रुवारी १९९७

ती. झुंबरदादास,
सुवर्णाचा शि. सा. न., वि. वि.

सांडाला घाबरणारे सरपंच आपल्याच गावाला मिळायचे होते! पत्र वाचून खूप हसले, पण नंतर बरं वाटेना.

नवसाबाई गावातल्या माझ्या साक्षरता वर्गात 'श' गिरवताना जीभ बाहेर काढायची. एसटीची पाटी पहिल्यांदा वाचली, तेव्हा अख्ख्या स्टँडला ऐकवली होती तिने. मुकादम सांगेल त्यावर अंगठा उठवू नको, लिहिलेलं असेल तेच खरं मान, हे मी तिला रोज बजावायचे. म्हणून दादा, गंमत पुरे. तिथे नळ आहे. माणसं यायच्या आत 'सांड' लिहून टाक.

वहिनीला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी सुवर्णा


खैरवस्ती
११ एप्रिल १९९७

चि. सुवर्णास आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. नवसाबाई गेली.

विहीर आटली होती आणि दोन दिवस टँकर आला नव्हता. कांद्याची टोळी दुपारी तिसऱ्या टाकीपाशी थांबली. तिची जाऊ कुसाबाई सांगते, मी तिला म्हणाले होते, हे गटाराचं दिसतंय, नको पिऊ. नवसाबाईने पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, सगळ्यांना समजावलं आणि पहिली ओंजळ स्वतः प्याली. रात्रीपासून सात जणांना हगवण-ओकाऱ्या. सहा वाचले. तिला जीपमधून चांदवडला पोचवेपर्यंत संपलं.

तुझं पत्र माझ्या खिशातच होतं. निळा रंग संपला होता. बाजारच्या दिवशी आणू म्हणत सहा आठवडे काढले.

तुझा दादा


देवळाली कॅम्प
१९ एप्रिल १९९७

ती. दादास,
सा. न.

तुझ्यावर रागावायला बसले होते, पण तेही जमत नाही. तिला वाचता येत नसतं, तर तिने कोणाला तरी विचारलं असतं. कुसाबाईचं ऐकलं असतं. तू अर्धी पाटी लिहिलीस आणि मी तिला त्या पाटीवर विश्वास ठेवायला शिकवलं.

इथल्या बायका वर्ग सुरू कर म्हणत होत्या. नाही म्हणून सांगितलं.

सुवर्णा


खैरवस्ती
३ मार्च १९९८

चि. सुवर्णास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वर्ष होत आलं, तुझं पत्र नाही. मी मात्र लिहितो.

डाव्या कडेला जागा कमी होती, तरी 'सांड' दाटीवाटीने बसवला. पोरं तेवढंच मोठ्याने वाचून हसतात. वाळू कोणी बदलली नाही, टाक्या तुंबल्या, नळ काढून नेला. पाणी पुन्हा ओढ्यात जातं आणि खालच्या वस्तीवरची माणसं तेच पितात. सरपंचांना दोनदा सांगून पाहिलं.

काल टोळी आली. कुसाबाईला पाटीपाशी नेलं आणि म्हटलं, बाई, आता नीट लिहिलंय, वाचून दाखवतो. ती पाटीकडे पाठ करून उभी राहिली. म्हणाली, नको भाऊ, आमाला वाचता येत नाय तेच बरं हाय.

तिला काय सांगावं? तुला काही सुचलं तर दोन ओळी लिही.

तुझा दादा