लढाई चालू होती तोवर

आई, काल कारखान्याच्या व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. एरवी ते मला बसायला सांगत नाहीत. "तुम्ही समजूतदार आहात," एवढं ते म्हणाले आणि पुढे काय येणार ते मला कळलं. तुला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता मी एकोणतीस वर्षांची आहे आणि ठाण्याच्या रस्त्यावर तंबूचं कापड विणणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम करते. कापडाची पट्टी कापायची, यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, तुटेपर्यंत ताण द्यायचा आणि कितीला तुटली ते लिहायचं. मला हे काम आवडतं, कारण त्यात कुणाच्या वाटण्यावर काही ठरत नाही. गेल्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या विभागप्रमुखांना बोलावणं आलं. त्यांचं नाव प्रादेशिक सेनेत होतं. तंबूच्या कापडाची मागणी एकदम वाढली, दुसरं कुणी हाताशी नव्हतं, म्हणून विभाग माझ्याकडे आला. लढाई लवकर थांबली, पण ते परतले आत्ता, फाल्गुनात. त्यांना त्यांची जागा द्यायची आहे. मला खाली आणल्याचा हुकूम काढणं बरं दिसत नाही, म्हणून माझी पूर्वीची जागा मला परत मिळावी असा अर्ज मीच करावा, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. उद्यापर्यंत द्या, म्हणाले. घरी येताना मला पनवेलच्या बंदरावरचं भाताचं गोदाम आठवत होतं.

बेचाळीसच्या पावसाळ्यात काकांना घरातून धरून नेलं, त्या दिवशी तू पोळ्या लाटत होतीस आणि थांबली नाहीस, कारण तवा तापला होता. बाबा त्याआधीच गेलेले. घर काकांच्या शाळेतल्या पगारावर चालायचं आणि पगार बंद झाला. मुंबईहून बॉम्बच्या भीतीनं आलेल्या लोकांनी पनवेल भरलं होतं, रॉकेल मिळत नव्हतं. अशात बंदरावरचे मुकादमचाचा एका सकाळी ओटीवर येऊन उभे राहिले. त्यांचे दोन मचवे परवान्याअभावी खाडीत बांधून पडले होते, म्हणून त्यांनी लष्कराच्या जाळ्यांचं कंत्राट घेतलं होतं. तोफा आणि गाड्या वरून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर टाकायची जाळी. चाचा तुझ्याकडे न बघता, खांबाकडे बघून बोलत होते. "वहिनी, कारकून पळाला मुंबईला. गोदीत जास्त देतात. तुम्हाला लिहितावाचता येतं, शिवण येतं, मापातलं कळतं. जेवून या, दिवेलागणीच्या आत घरी." आतून काकू म्हणाली, "हे तिकडे तुरुंगात आणि घरातली बाई पलटणीच्या कामाला?" तू म्हणालीस, "संध्याकाळी मुलांच्या पानात काय वाढायचं तेवढं सांगा, मी जात नाही." काकूनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. शाळा सुटली की मीही तिथे येऊन बसायची, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे.

गोदामात खाडीकाठच्या पाड्यातल्या बाया विणायला बसत. जाळं विणणं खरं पुरुषांचं काम, पण पुरुष बोटींवर आणि गोदीत गेले होते, आणि लहानपणापासून बघून बायकांच्या हातात ते होतंच. पहिली जाळी झाली आणि तू ती जमिनीवर पसरून माप घेतलंस, तर एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. सगळीच तशी. खाडीच्या ओढीत खुंटाला बांधतात ते डोल जाळं तोंडाशी मोठं आणि पुढे निमुळतं होत जातं. बायांनी लष्करासाठी तेच विणलं होतं. त्यांच्यातली म्होरकी एक धिप्पाड बाई होती, तिला तू विचारलंस, "असं निमुळतं कसं झालं गं?" ती म्हणाली, "हात आयकत नाय, बाय. जाल्याला शेपूट पायजेच. शेपटाबिगर मासली रावल कुटं?" तू म्हणालीस, "पलटणीला मासळी नको आहे. तोफ झाकायची आहे." "मंग तोफंला पन शेपूट असंल." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मी तुला घराबाहेर हसताना प्रथम तेव्हा पाहिलं. चाचा मात्र डोक्याला हात लावून बसले. "खुदाच्या वास्ते हे साहेबाला दाखवू नका, वहिनी. म्हणेल, तोफ झाकू की कोलंबी धरू?"

उसवायचं तर सुतळी वाया जाणार होती. तू बराच वेळ त्या जाळ्यांभोवती फिरलीस. मग दोन जाळी शेजारी शेजारी टाकायला लावलीस, एक सुलटं, एक उलटं, आणि मधल्या कडा एकमेकींना बांधायला सांगितल्या. परकराच्या कळ्या तू अशाच बेतायचीस, कापड वाया जाऊ नये म्हणून एकीचं रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाशी. दोन समलंब चौकोन असे उलटसुलट ठेवले की रुंदी सगळीकडे सारखी येते, हे मी पुढे भूमितीत शिकले. दोन बाजू तिरक्या राहिल्या, त्या तू कडेच्या दोरात ओढून घ्यायला लावल्यास. लष्कराचा माणूस आला, त्यानं दोन ठिकाणी मापाची पट्टी लावली आणि माल उचलला. त्यानंतर बाया शेपूट ठेवूनच विणत राहिल्या आणि तू जोड्या लावत राहिलीस. पाड्यात तुला सगळ्या "मापाची बाय" म्हणू लागल्या. घरी परतताना तू आधीपेक्षा भरभर चालायचीस. मला तुझ्याबरोबर पळावं लागे.

त्या म्होरकीचा नवरा मालवाहू बोटीवर खलाशी होता. बोट बुडाल्याची खबर आली तेव्हा ती काही दिवस आली नाही. मग आली आणि आपल्या जागी बसली. तू तिला घरी राहायला सांगितलंस, तर म्हणाली, "घरा सासू रडते. हितं हात तरी चालतो." दुपारी भाकरी खाताना एकदा तिनं तुला विचारलं, "तुमचं भावोजी जेलात हायेत ते सोराज आनाया ना?" तू हो म्हणालीस. "सोराज आला का ही जाली लागतील?"

"नाही लागणार."

"मंग आमी परत मिठागरान?"

"बहुतेक."

तिनं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. "मंग जरा दमानं आना म्हनावं."

तू हसली नाहीस. चाचा बाजूला सुतळीचे गुंडे मोजत होते, ते म्हणाले, "मला विचाराल तर माझा मचवा परवान्याशिवाय उरणला गेला की मी म्हणेन आझादी आली. तोपर्यंत नुसत्या बाता." तुला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला तेव्हा वाटायचं की स्वातंत्र्य ही काकांची गोष्ट आहे, ती त्यांच्याबरोबर तुरुंगात आहे, आणि ते सुटतील तेव्हा ती घेऊन येतील.

काका चव्वेचाळीसमध्ये सुटून आले. गालाची हाडं वर आली होती, खादीचा सदरा खांद्यावर लोंबत होता. जेवताना काकूनं त्यांना तुझ्या कामाचं सांगितलं. ते पानावरून उठले नाहीत, ते तसे नव्हते. जेवण पुरं केलं, हात धुतला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "वहिनी, ज्या सरकारनं मला आत टाकलं त्याच्या तोफा तुम्ही झाकत होता."

तू चुलीपुढून म्हणालीस, "हो."

"आता मी आलोय. आता गरज नाही."

"भावोजी, तुम्ही गेलात तेव्हा आम्हाला विचारून गेला नव्हता. मीही तुम्हाला विचारलं नाही. उद्या माल जायचा आहे, मला लवकर निघायचं आहे."

मी काकांकडे पाहत होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण जिथून निघालो ते घर हेच का, असं बघत असल्यासारखे ते उभे होते. पुढे कितीतरी दिवस ते तुझ्याशी कामापुरतंच बोलत. मला मात्र म्हणायचे, "तुझी आई हट्टी आहे." म्हणताना ते थोडे ताठ बसत, जणू कुणीतरी त्यांनाच हट्टी म्हणालं होतं.

पंचेचाळीसमध्ये लढाई संपली तेव्हा शाळेत आम्हाला साखर वाटली. मी ती मुठीत धरून बंदरावर पळत आले. बाया सुतळी गुंडाळून ठेवत होत्या. चाचांनी साहेबाचा हुकूम आला म्हणून सांगितलं. म्होरकी म्हणाली, "माजा मानूस लडाईन गेला, आन लडाई गेली तं काम पन गेला. तिनं एकदा काय तं ठरवावा." तू माझ्या मुठीतली साखर तिच्या हातावर ठेवायला सांगितलीस. तिनं ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखी लवकर जेवलीस, वेणी घातलीस, वहाणा घालून दारापर्यंत आलीस आणि थांबलीस. मग वहाणा काढून आत गेलीस आणि तांदूळ निवडायला घेतलेस. काका म्हणाले, "वहिनी, आता तुम्हाला विश्रांती." ते मनापासून म्हणाले, याबद्दल मला शंका नाही.

सत्तेचाळीसमध्ये शाळेच्या पटांगणात झेंडा चढला तेव्हा काका रडले. तू मागे बायकांत उभी होतीस. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मी झेंड्याकडे पाहत होते. चाचा भेटले होते परतताना. बाजारात लोक त्यांना विचारत होते, तुम्ही कधी जाणार. ते तुला म्हणाले, "आता मचव्याला परवाना लागणार नाही वहिनी, मला लागणार असं दिसतं." ते कुठे गेले नाहीत. त्यांचा नातू आता बंदराजवळ सायकलीचं दुकान चालवतो. तू एकोणपन्नासमध्ये विषमज्वरानं गेलीस. शेवटच्या दिवसांत काकांना तू काय सांगितलंस ते मला त्यांनीच पुढे सांगितलं: हिला मोजमापाचं काही शिकवा. काकूनं स्थळं आणली, काकांनी ती परत पाठवली आणि मला मुंबईला शिकायला ठेवलं. माझ्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला आहे, हे नोंदवायला हवं.

म्हणून काल संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांनाच विचारलं, अर्ज देऊ का. ते आता बहुतेक वेळ आरामखुर्चीत असतात, ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो माणूस सीमेवर जाऊन आलाय. जागा त्याची आहे. तुला दिली ती लढाईतली सोय होती."

मी म्हटलं, "आईलाही तुम्ही असंच सांगितलं होतं. गरज नाही म्हणून."

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "तिनं कुठं ऐकलं?" आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते त्यांनी उलटं धरलं नव्हतं, पण वाचतही नव्हते.

आज सकाळी मी व्यवस्थापकांना सांगितलं की मी अर्ज देणार नाही. मला खाली पाठवायचं असेल तर हुकूम काढा आणि त्यात कारण लिहा. ते म्हणाले, "कारण काय लिहिणार, बाई? तुमच्या कामात तर खोट नाही." मी म्हटलं, "तेच मला वाचायचं आहे." ते हसले नाहीत, मीही नाही. हुकूम निघेल असं मला वाटतं. निघाला तर मी तो घेईन आणि राहायचं की जायचं ते त्यानंतर बघेन. प्रमुख बाहेर व्हरांड्यात उभे होते. भला माणूस आहे. उन्हानं रापलाय. त्यांनी मला विचारलं, यंत्राचा उजवा जबडा सरकत होता तो दुरुस्त झाला का. मी म्हटलं, झाला, मी करून घेतला.

इथपर्यंत सगळं मी कुणालाही सांगू शकते. एक गोष्ट राहिली. सप्टेंबरात कारखान्याच्या रेडिओवर युद्ध थांबल्याचं सांगितलं तेव्हा विभागातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सीमेवर माणसं मरत होती, आमचे प्रमुखही तिथेच होते, आणि ते सुखरूप असावेत असं मला खरंच वाटत होतं. पण टाळ्या वाजवताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो "एवढ्यात?" असा होता. हे मी काकांना सांगितलेलं नाही. तुला कधी तसं वाटलं होतं का, हे विचारण्यासाठी मी एवढं लिहिलं. आणि तू समोर असतीस तर विचारलं नसतं, हेही मला माहीत आहे.