हिरव्या रंगाची अकरा कार्डं

सोलापूर,
१२ ऑगस्ट १९७५

प्रिय अप्पा,

अव्वाच्या पायाचं बोट काल काढलं. ताप नाही, आज सकाळी तिने भाकरी मागितली, तेव्हा घाबरू नका. पण मी तुमच्यावर चिडले आहे, आणि ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही लिहिता यायचं नाही.

मी इथे दवाखान्यात नर्स आहे म्हणून डॉक्टरांनी आपली ही सोय केली. दर आठवड्याला अव्वाला होटगीहून गाडीत चढवायला नको. घरीच रोज सकाळी नळीत निळं औषध घ्यायचं, तिच्या लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं आणि येईल तो रंग कार्डावर लिहायचा. निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा म्हणजे थोडी, विटकरी म्हणजे फार. सोमवारी तुमचं कार्ड आलं की डॉक्टर गोळ्या ठरवणार. अकरा कार्डं आली. हिरवा, हिरवा, निळा, हिरवा. डॉक्टर खूश, मी खूश, आणि तिकडे तिच्या बोटाची जखम चिघळत होती. इथे आणून तपासलं तर नळी विटकरी! घरी लक्ष कोण ठेवत होतं, असं डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. औषधच बिघडलं असेल म्हणून कंपाउंडर शिवप्पाशी भांडले, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

म्हणून परवा रविवारी तिच्या लघवीची बाटली पिशवीत घालून, पिशवी मांडीवर धरून होटगीला आले. तुमच्याच औषधात, तुमच्याच हाताने उकळायला लावलं. माझ्या डोळ्यांदेखत नळी विटेसारखी झाली आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "हिरवा हाय की." मला वाटलं, हट्टाने खोटं बोलताय. चहाही न घेता निघाले.

इथे येऊन अव्वाला हे तावातावाने सांगितलं, तर ती म्हणाली, "मला रोज दिसत हुतं की गं. पर त्यांना कसं म्हनू, तुमाला रंग कळत न्हाय?"

अप्पा, बायकोमुलांसाठी इंजिन सोडलं आणि मालधक्क्यावरची कारकुनी धरली, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत! मी ते शाळेत मिरवायची. फायरमनचे ड्रायव्हर होताना तुम्ही डोळ्यांच्या तपासणीत सिग्नलच्या रंगांवर अडकलात, हे अव्वाने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ओळखलं होतं. त्या वर्षी तुम्ही तिला हौसेने हिरवं लुगडं आणलंत. ते तांबडं होतं. तिने ते हिरवं म्हणूनच नेसलं, पार विरेपर्यंत. मला तिचाही संताप येतो. तुमचा मान राखायला स्वतःचं बोट घालवायला कुणी सांगितलं होतं तिला?

तुमच्याशी याबद्दल बोलायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. बोलत नाही, लिहिते आहे. शनिवारी ती घरी येईल. रविवारी नळी उकळली की ती अव्वासमोर धरा आणि तिला नावाने हाक मारून विचारा, नीला, कुठला रंग हाय? ती सांगेल तोच कार्डावर लिहा. बाकी कुणाला कळायची गरज नाही. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
गंगू