आधी पेन्सिलीनं, मग शाईनं

सर, तुमच्या जागेवर माणूस घेतला. तुम्ही मुख्याध्यापक झालात तेव्हा ती जागा माझ्याकडे आली होती. गेल्या वर्षी मला मुख्याध्यापिका केलं आणि आठवी ते दहावीचं इंग्रजी उघडं पडलं. वर्षभर भूगोलाच्या सरांनी ते कसंबसं ओढलं. ते बिचारे मुलांना आळीपाळीनं धडा वाचायला लावायचे आणि अवघड शब्द आला की खिडकीबाहेर बघायचे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. सगळं बरं चाललेलं असताना गेलेल्या माणसाला कोण लिहितं? आज लिहिते आहे, कारण मी तुमच्यावर चिडले आहे, आणि चिडून भांडावं असं आता दुसरं कुणी माझ्याकडे उरलेलं नाही.

तुमच्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. मी आठवीत होते. मामानं केजच्या बाजारातून वासाचं गुलाबी खोडरबर आणून दिलं होतं आणि ते मी दिवसातून दहा वेळा हुंगत असे. तुम्ही उत्तर विचारलं, माझं चुकलं, आणि तुम्ही बाकापर्यंत यायच्या आत मी घाईघाईनं घासून टाकलं. तुम्ही वही उचलून उजेडाकडे धरलीत. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. "खोडायचं न्हाई," म्हणालात. "चूक ऱ्हाऊ दे तिथंच. तिच्यावर एक रेघ मार अन् शेजारी बरोबर लिही. चुकलीस हे तुलाबी दिसाय पाहिजे, मलाबी." खोडरबर तुमच्या टेबलाच्या खणात गेलं ते मला दहावीच्या निरोपसमारंभात परत मिळालं, तोवर त्याचा वास उडालेला होता. मी तीन दिवस तुमच्याशी मनातून कट्टी होते. पुढं मी शिक्षिका झाले तेव्हा हाच नियम माझ्या वर्गात लावला. पालक तक्रार घेऊन यायचे की बाई, पोराची वही लई घाण दिसती. मी म्हणायची, असू द्या, आमच्या सरांची शिकवण आहे.

आता भरती तुमच्या वेळेसारखी राहिलेली नाही. परीक्षा सरकार घेतं, नावं पोर्टलवरून येतात, एका जागेला तीन. संस्थेच्या हातात फक्त पाठाचे आणि मुलाखतीचे गुण उरलेत. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तेवढ्या गुणांत अख्खी संस्था मावते, आणि ते द्यायची पद्धत तुमच्याच काळातली चालू आहे. गुणतक्त्यावर आधी पेन्सिलीनं गुण टाकायचे. मग सगळ्यांनी खाली सह्या करायच्या, त्या मात्र पेननं. मग अध्यक्षांच्या खोलीत चहा घ्यायचा. चहा झाला की मुख्याध्यापकानं सगळ्यांचे पेन्सिलीचे आकडे खोडून शाईनं पक्के करायचे. कारण विचारलं तर सांगतात, बेरीज चुकली तर सरकारी कागदावर खाडाखोड दिसू नये. मी इतकी वर्षं हे कारण खरं मानत आले. बेरजेत चूक होऊ शकते, असं मलाही वाटायचं.

शनिवारी मुलाखती झाल्या. तिघांपैकी एक जण आलाच नाही. राहिले दोघं, एक अध्यक्षांचा सख्खा भाचा आणि दुसरी कपिलधारकडची एक मुलगी. धनगराच्या घरची, भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, आणि ही दोन एसट्या बदलून पहिल्या तासाच्या आधी दारात हजर. भाच्यानं आधी पाठ घेतला. पोरगा वाईट नाही, सर. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं गाईड बघून फळा भरला आणि शेवटपर्यंत वर्गाकडे पाठ फिरवून उभा राहिला. मुलांनी निमूट उतरवून घेतलं.

मग ती मुलगी आत आली. पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, हा केजचा बाजार आहे, मी शेळी विकायला आणलीय, तुम्ही गिऱ्हाइकं. पण या बाजारात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालत नाही. आधी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. मग एकानं शेळीचं वय विचारलं, एकानं दूध किती देते ते विचारलं, मोडकंतोडकं, पण विचारलं. शेळ्यांमधलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळे प्रश्न संपेनात. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. दोन वर्षं ती माझ्या तासाला होती आणि मी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "डझ इट किक?" लाथ मारते का. आणि ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ओन्ली टीचर्स." वर्ग हसून लोळला. मी मागं खुर्चीवर बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यात थोडी असूयाही होती, हे तुमच्यापासून काय लपवू? मी तिला तीसपैकी अठ्ठावीस दिले, पेन्सिलीनं. भाच्याला चौदा. तज्ज्ञ म्हणून आलेल्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी जवळपास तेच आकडे टाकले, खाली सही ठोकली आणि जीप निघून जाईल म्हणून चहा उभ्यानंच पिऊन गेले.

अध्यक्ष आवाज चढवणारे नाहीत. त्यांनी माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली. "पोरगी हुशार हाय, मी कुठं न्हाई म्हणतो?" ते म्हणाले. "हुशार हाय म्हणजे तिला कुठंबी लागंल. आमच्या भाच्याला कोण घेणार हाय, तुमीच सांगा." या बोलण्याला तोड नाही, सर. मी एक बिस्कीट उचललं. मग त्यांनी माझ्या निवृत्तीची चौकशी केली. दोनच वर्षं राहिली का, म्हणाले. पेन्शनची कागदं आमच्याच सहीनं जाणार हाईत, काळजी करू नका, आमी कवा तुमाला आडवं आलोय का. एवढंच. धमकी म्हणावी तर त्यात एकही शब्द वाकडा नव्हता.

तक्ता मी घरी आणला. रविवारभर तो पर्समध्ये होता. सोमवारी सकाळी शाळेत कुणी यायच्या आत मी जुनं लोखंडी कपाट उघडलं. तुमच्या वेळच्या भरतीची फाईल काढली. मला वाटलं, तुमच्यावरही कुणीतरी असा दाब टाकला असेल, आणि तुम्ही काय केलंत ते बघावं. खरं सांगायचं तर मला धीर हवा होता. तुमचं ते वळणदार अक्षर दिसलं की माझा कणा ताठ होतो, लहानपणापासून. आणि त्या फाईलमध्ये माझ्याच नेमणुकीचा तक्ता निघाला. दोन नावं. एक माझं आणि दुसरं धर्मापुरीहून आलेल्या एका मुलाचं. माझ्यापुढं शाईनं सव्वीस, त्याच्यापुढं तेवीस. हेच मला माहीत होतं, हेच तुम्ही मला सांगितलं होतं. पण तुमचा हात जड होता, सर. तुमच्या हातात पेन्सिलीचं टोक टिकायचं नाही. कागद खिडकीशी तिरपा धरला तर शाईखालचे वळ अजून दिसतात. माझ्या सव्वीसखाली एकवीस आहेत. त्याच्या तेवीसखाली सत्तावीस.

तो मुलगा मला आठवतो. सायकलवर आला होता, पँटच्या पायाला तेलाचा डाग होता. पाठ झाल्यावर आम्ही दोघं लिंबाखाली बसलो होतो आणि त्यानं मला अर्धा पेरू दिला. निकाल सांगितल्यावर तो माझ्याकडे बघून हसला, चांगलं झालं म्हणाला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलात. मी तेव्हा मनात म्हणाले, केवढं मोठं मन आहे सरांचं. काय बोललात त्याच्याशी? कुठं चुकलं म्हणून सांगितलंत?

तुम्ही का केलंत ते मला कळतं. माझ्या बापानं सांगून ठेवलं होतं की या खेपंला नोकरी लागली नाही तर पाडव्यानंतर पोरीला उजवून टाकायची, आणि स्थळ कसलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मला वाचवलंत. पण मला विचारलं नाहीत. एका पोरीवर दया करायची म्हणून एका पोराच्या नावापुढं रबर फिरवलंत आणि मला सांगितलंत की तुझा पाठ सगळ्यांत चांगला झाला. या एका वाक्यावर मी अख्खं आयुष्य काढलं. नवऱ्याशी भांडताना, नणंदेला सुनावताना, स्टाफरूममध्ये कुणी वशिल्याचं नाव काढलं की मी मान वर करून म्हणायची, मी माझ्या गुणांवर लागले.

नेमणुकीच्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. काकूंनी गरम धपाटे केले होते, सोबत दही आणि लसणाची चटणी. मी चुलीसमोर पाटावर बसून एकामागून एक खात होते, कारण सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. तुम्ही ताटावर बसलाच नाहीत. पित्त झालंय म्हणालात आणि उंबऱ्यात उभे राहिलात. काकू म्हणाल्या, सकाळी तर बरे होतात की. मग तुम्ही मला ते हिरवं शाईचं पेन दिलंत. माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलं नाहीत, दह्याच्या वाटीकडे बघितलंत. मी ते पेन अजून वापरते. निब दोनदा बदललं.

त्याच पेननं मी भाच्याला सत्तावीस दिले. सोमवारी, तुमची फाईल समोर उघडी ठेवून. वाटलं, जिथं माझ्या सरांनी केलं तिथं मी कोण लागून गेले? खोडरबर शिपायाकडून मागून घेतलं. अठ्ठावीस लवकर गेले, चौदा जायला वेळ लागला. तुमच्याकडे निदान एक कारण होतं, सर. कुणाचं तरी आयुष्य सावरायचं होतं. माझ्याकडे पेन्शनची कागदं होती.

भाचा पेढे घेऊन आला. केबिनमध्ये एकटा होता तेव्हा हळूच म्हणाला, "म्याडम, तिचा पाठ लई भारी झाला. मी खिडकीतून बघत होतो. मला जमंल का?" मी जमेल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि गुरुवारी ती मुलगी मूळ कागदपत्रं न्यायला आली. मी शिपायाच्या हाती पाठवून मोकळी होणार होते, पण ती दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. तिनं भांडावं म्हणून मी मनातून हात जोडत होते. ती म्हणाली, "म्याडम, निकालाचं काय न्हाई. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. पुढच्या खेपंला सुधारते."

मी म्हणाले, आवाज जरा लहान पडला. मागच्या बाकापर्यंत नीट पोचत नव्हता.

डोंगराच्या या अंगाला उभं राहून त्या अंगाच्या मेंढरांना हाक मारत वाढलेली मुलगी, सर. तिनं पिशवीतून एक छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. दाबून लिहीत होती, तुमच्यासारखं. "आजवर कुनी सांगितलंच न्हाई," म्हणाली. "बरं झालं तुमी सांगितलं." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. आता ती पुढच्या शाळेत ओरडून पाठ घेईल आणि शेळीची गंमत निघून जाईल. ते कुणाच्या तक्त्यात दिसणार नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? तुमचं घर काकूंच्या मागं विकलं गेलं, तिथं आता बियाणांचं दुकान आहे. त्या फाईलमध्ये, तुमच्या तक्त्याशेजारी ठेवावं असं एकदा वाटलं. पण माझ्यानंतर कपाट कोण उघडेल सांगता येत नाही, आणि मी अजून तेवढी धीट झालेली नाही. तेव्हा ते माझ्याजवळच राहील. फक्त वर दोन ठिकाणी मी खोटं लिहिलंय. पान फाडून नव्यानं लिहिणार होते, पण तुमच्यावर कितीही चिडले तरी आठवीतला तो धडा हातातून जात नाही. म्हणून मघाच्या त्या ओळींवर एक रेघ मारली आहे, खालचं नीट वाचता येईल अशी, आणि बरोबर काय ते इथं लिहिते. तक्ता मी घरी आणलाच नव्हता. शनिवारीच, अध्यक्षांच्या खोलीत, चहा निवायच्या आत मी आकडे पक्के केले होते. तुमची फाईल मी गुरुवारी काढली, ती मुलगी फाटकाबाहेर गेल्यावर. तोवर मला तुमचं काहीही माहीत नव्हतं.