अर्थिंगच्या खड्ड्याची करणी

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
वैशाख, एकादशी

तीर्थस्वरूप साहेबरावदादांच्या पायावर धाकट्या द्वारकेचं डोकं. देवगावला तुमचा गुडघा कसा आहे? सुलेखावहिनींना म्हणावं, तेल कोमट करून चोळा, थंड तेलानं नुसतं अंथरूण खराब होतं. इकडं आम्ही खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण आज उपास आहे, खोटं लिहवत नाही. (फोनच केला असता. पण आमची न जाऊबाईंची भिंत एक, आणि त्या भिंतीला नुसते कान नाहीत, तोंडसुद्धा आहे.)

तर दादा, तुमच्या बहिणीला गल्लीत आता करणीवाली म्हणतात. जन्मभर उपास-तापास केले, देवाला शिळं फूल वाहिलं नाही, त्याचं हे फळ. हे बोलणं पैठणला गेलंय, आणि तुम्ही आणलेलं माझ्या सायलीचं स्थळ त्यापायी अडकलंय, म्हणून सगळं लिहिते.

सायलीनं आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला तेव्हा ती धडे म्हणायची न मी पुस्तक धरून बसायचे. तेव्हा मॅट्रिकवर थांबलेलं माझं डोकं थोडं पुढं सरकलं. व्होल्टेज म्हणजे गच्चीवरची टाकी किती उंच आहे ते, करंट म्हणजे नळातून प्रत्यक्ष पडतं ते, आणि रेझिस्टन्स म्हणजे पाइपात बसलेला शेवाळाचा गोळा. (मला लगेच पटलं. आमच्या गल्लीत टाक्या लई उंच आहेत, नळ कोरडे.) कपॅसिटर म्हणून एक डबी असते, ती एसीच्या कॉम्प्रेसरला उठायला धक्का देते. बटण बंद केलं तरी तिच्यात वीज साठून राहते, म्हणून आधी ती उतरवायची, मगच हात लावायचा. आमच्या आवडाबाई जाऊबाईंचं तसंच आहे. भांडण मिटलं तरी आत साठा शिल्लक. पण त्यांची वीज उतरवायची कशी, हे पुस्तकात दिलेलं नाही.

झालं असं, की ओल्या हातानं फ्रिज उघडला की झिणझिण्या यायच्या. सायलीनं टेस्टर लावून पाहिलं न म्हणाली, घराला अर्थिंगच नाही. "आई, आत वायरीचं कातडं सोललं की वीज पत्र्यावर येते. तिला जमिनीत जायचं असतं. वाट करून दिली तर वाटेनं जाते, नाही तर तुझ्या अंगातून जाते." मग तिनं सामाईक अंगणात खड्डा खणवला, तांब्याची पट्टी उभी पुरली, भोवती कोळसा न खडे मीठ घातलं. (एवढं मीठ मातीत घालताना जीव तुटला, पण त्यानं ओल धरते म्हणे.) तिथून वायर आमच्या घरात नेली, आणि जाऊबाईंच्या लोखंडी कूलरलाही जोडून दिली. फुकट.

खड्डा ओला ठेवावा लागतो. आमच्याकडं नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी तांदूळ धुतलेलं पाणी साठवायचे न तिन्हीसांजेला ओतायचे. दिवा लावायची वेळ, तोंडात स्तोत्र चालूच असायचं. जाऊबाईंनी खिडकीतून पाहिलं, आणि तो दिवस नेमका अमावस्येचा.

"अगं बया! मीठ, कोळसा, तांबं! न वरून पुटपुटतीय! माझ्या नातवाचा ताप उगीच उतरंना व्हय?"

मी म्हटलं, "बाई, ते अर्थिंग आहे."

"अर्थिंग व्हय? मग लिंबू कुठं पुरलंस ते सांग!"

सायली समजवायला गेली, तर म्हणाल्या, "पोरीच्या जातीला असलं शिकवायचं नाय, ते ह्याच्यासाठी." आमचे हे पेपर वाचत होते. (ह्यांच्यातून कुठलाच करंट जात नाही. कंपनीत रबराच्या खात्यात आहेत, ते उगीच नाही.)

आम्ही फुलंब्रीला लग्नाला गेलो, तर मागं जाऊबाईंनी करणी काढणारा एक जाणता आणला, पट्टी उपटली, लाल फडक्यात बांधली न पैठणला जाऊन गोदावरीत सोडली. तिथं त्यांची बहीण साळूबाई, सायलीच्या होणाऱ्या सासूची शेजारीण. हळदीकुंकवाबरोबर माझं चरित्रही वाटलं गेलं.

आम्ही परतलो त्याच दिवशी जाऊबाईंच्या घरी भावजींनी ओल्या फरशीवरून अनवाणी पायानं कूलरला हात लावला न भिंतीवर जाऊन आदळले. देवाची कृपा, वाचले. आता तरी उजेड पडेल म्हटलं, तर जाऊबाई अंगणात ओरडल्या, "बघा! काढली तर उलटली!" सगळ्या गल्लीनं मान डोलावली. ज्या पट्टीनं भावजींना वाचवलं असतं ती जाऊबाईंनीच नदीत टाकली, आणि पाप माझ्या पदरात. सायलीनं जाऊन त्या कूलरचा प्लग काढला, सोललेली वायर बदलली न परत आली. पाणी घे असंसुद्धा कुणी म्हटलं नाही.

तेव्हा दादा, तुम्ही पैठणला जा. टाकी, नळ, शेवाळ, सगळं नीट सांगा. म्हणावं, मला मंत्र येत असते तर आधी नळाला पाणी आणलं असतं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची अभागी,
द्वारका

ता. क. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं होतं, ते परत फोडलं. पैठणची मंडळी दुपारी येऊन गेली. फार गोड माणसं. म्हणाली, आम्ही शिकलेले, करणीबिरणी मानत नाही, मुलगी पसंत आहे. फक्त लग्नानंतर हे वायरी-पकडीचं काम बंद. आमच्या घरची सून लोकांच्या भिंतींवर चढलेली चालायची नाही. ह्यांनी लगेच होकार देऊन साखर मागितली. सायली आतल्या खोलीत पक्कड पुसत होती. पुसून डब्यात ठेवली, परत काढली, परत पुसली.

ता. क. दुसरा. वर लिहिलेलं काही सांगू नका. आपण नकार दिला तर पोर माजली म्हणतील, आणि हे नकार द्यायचे नाहीत. नकार तिकडून यायला हवा. माझं नाव गेलंच आहे, त्यात आणखी काय जाणार? तुम्ही जा, चेहरा पाडून बसा, आणि म्हणा, सख्खा भाऊ आहे म्हणून सांगतो, द्वारकेचं हे करणीचं लहानपणापासूनच आहे. करणी मानत नाही म्हणतात, तर हसतीलही. हसू द्या. मग उठता उठता एवढंच सांगा, की द्वारकेनं नवऱ्या मुलाचा अंगातला एक सदरा मागवलाय. न धुतलेला.